मोठेपण आणि मोठेपणा

गेल्या वर्षी आमच्या पंचाहत्तरीनिमित्त काही माजी विद्यार्थ्यांनी एक छोटेखानी गौरवग्रंथ काढला. अशा ग्रंथांचे स्वरूप वाचकांस ठाऊक आहेच. आरंभी छायाचित्रे, मग शुभेच्छा, मग आठवणी आणि शेवटी जीवनपट. मराठीच्या अध्यापकाने स्वतःच अशा दहा-पाच ग्रंथांसाठी लेख लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांतल्या कोणत्या विशेषणाचे वजन किती, हे त्याला चांगले कळते. तरीही स्वतःवरचा ग्रंथ माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. आम्हीही वाचला. त्यातील एका लेखात असे म्हटले होते की, सरांचे उभ्या नोकरीत कोणाशी कधी वाजले नाही. सरांविषयी वावगा शब्द काढणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. लिहिणाऱ्याने हे प्रेमाने लिहिले होते, यात शंका नाही. एरवी आम्ही सुखावून पान उलटले असते. परंतु त्या दिवसांत आम्ही मेन्शियस वाचत होतो, आणि जवळजवळ याच शब्दांत त्याने एका विशिष्ट प्रकारच्या माणसाचे वर्णन करून ठेवले आहे. ते वर्णन स्तुतीचे नाही. त्या माणसाकडे आम्ही पुढे येऊ.

चिनी भाषा आम्हांस येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. जेम्स लेग याने 1861 साली केलेले भाषांतर, आर्थर वेली याचे 1938 सालचे आणि पुढे डी. सी. लाउ यांचे, अशा इंग्रजी भाषांतरांच्या आधारानेच आमचे हे वाचन झाले. सेवानिवृत्तीनंतर वेळ हाताशी होता, आणि शिकवायचे नसलेले पुस्तक वाचण्याचे सुख काय असते, हे आमच्या व्यवसायबंधूंना सांगायला नको. हे वाचन करताना आम्हांला पहिली अडचण आली ती आपल्याच भाषेची. मराठीत 'मोठा माणूस' म्हटले की डोळ्यांपुढे बंगला येतो, गाडी येते, फार तर पद येते. 'मोठेपण' हा शब्द अद्याप बऱ्यापैकी शुद्ध आहे; पण त्याच्या शेजारी 'मोठेपणा' उभा आहे आणि तो मिरवायचा असतो. कन्फ्यूशियसच्या परंपरेलाही हीच अडचण होती, असे दिसते. तेथील 'दारेन' म्हणजे शब्दशः 'मोठा माणूस'. मेन्शियसने तो शब्द नैतिक अर्थाने वापरला, आणि पुढे सरकारी अधिकाऱ्याला आदराने हाक मारताना तोच शब्द रूढ झाला. आपल्याकडे 'साहेब' म्हणतात तसा. शब्द वर चढवावेत आणि व्यवहाराने ते पुन्हा खाली ओढावेत, हा प्रकार सर्वत्रच चालत असावा.

कन्फ्यूशियसने वर चढवलेला शब्द 'जुन्झी' हा होय. मुळात त्याचा अर्थ सरदाराचा मुलगा, म्हणजे जन्माने थोर. कन्फ्यूशियसने तो चारित्र्याने थोर असलेल्या माणसासाठी वापरायला सुरुवात केली. साधारण त्याच काळात आपल्याकडे बुद्धानेही 'ब्राह्मण' या शब्दाचा अर्थ जन्माकडून आचरणाकडे वळवला, याची येथे आठवण होते. कन्फ्यूशियसचा जन्म परंपरेनुसार इ. स. पू. 551 मध्ये लू राज्यात, आजच्या शानदोंग प्रांतात, झाला. बाप लहानपणीच गेला. तरुणपणी त्याने कोठाराचे हिशेब ठेवले, गुरे-मेंढरे सांभाळली. आपण हलक्या स्थितीत वाढलो म्हणून पुष्कळ किरकोळ कामे आपल्याला येतात, असे तो स्वतःच सांगे. उतारवयात तो शिष्यांसह राज्याराज्यांतून हिंडला. आपले ऐकणारा राजा त्याला मिळाला नाही. इ. स. पू. 479 मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या नावावर एकही मोठी राजकीय सिद्धी नव्हती. त्याच्या संभाषणांचे वीस प्रकरणांचे संकलन, 'लुन्यू', शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी केले.

या ग्रंथात त्याने एके ठिकाणी आपले आत्मचरित्र अगदी थोडक्यात सांगितले आहे. पंधराव्या वर्षी विद्येकडे मन लागले, तिसाव्या वर्षी तो पायावर उभा राहिला, चाळिशीत संशय फिटले, पन्नाशीत दैवी आदेश उमगला, साठीत कान अनुकूल झाले, आणि सत्तरीत मनाला येईल ते केले तरी मर्यादा ओलांडली जाईना. यांतल्या साठीच्या पायरीवर आम्ही अडलो. आमच्या साठीनंतर आमचे कान मुळीच अनुकूल राहिले नाहीत, ही गोष्ट निराळी. पण नैतिक उन्नतीच्या शिडीवर, दैवी आदेश उमगल्याच्याही वर, कानाचे काय काम? एका समजुतीनुसार याचा अर्थ असा की, जे कानांवर पडेल त्याला आतून विरोध न होता त्याचे मर्म कळू लागले. 'परम ज्ञानी' या अर्थाच्या चिनी अक्षरचिन्हाच्या पारंपरिक रूपातही एका बाजूस कानाचे चिन्ह आहे. आपल्याकडे ऋषी म्हणजे मंत्र पाहणारा, द्रष्टा. तिकडचा महापुरुष आधी ऐकणारा आहे.

हे एकदा लक्षात आले की 'लुन्यू'मधील काही प्रसंग निराळेच दिसू लागतात. एका परराज्यातील अधिकाऱ्याने कन्फ्यूशियसला विचारले की, तुमच्या लू राज्याच्या राजाला आचारधर्म कळत होता काय? त्याने होकार दिला. तो निघून गेल्यावर त्या अधिकाऱ्याने एका शिष्याला सांगितले की, तुमच्या राजाने स्वगोत्रातील स्त्रीशी लग्न केले आणि ते लपवण्यासाठी तिला दुसऱ्या नावाने संबोधले. यालाच आचारधर्म म्हणायचे असेल तर तो कोणाला कळत नाही? जुन्झी पक्षपात करीत नाही असे ऐकले होते, पण तोही करतो म्हणायचा! शिष्याने हे गुरूच्या कानांवर घातले. गुरूने राजनिष्ठेची सबब सांगितली नाही. आपण भाग्यवान आहोत, आपली चूक झाली की ती लोकांना कळल्याशिवाय राहत नाही, एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या एका प्रसंगी वूचंग नावाच्या लहानशा गावात वाद्ये आणि गाणे ऐकून त्याने थट्टा केली की, कोंबडी कापायला बैलाचा सुरा कशाला? तेथला कारभार पाहणारा शिष्य झीयू याने नम्रपणे गुरूचीच शिकवण गुरूला ऐकवली. कन्फ्यूशियसने बरोबरच्या शिष्यांकडे वळून सांगितले की, याचे बरोबर आहे, मी गंमत करीत होतो.

हे प्रसंग शिष्यांनी गाळले नाहीत, याचे आम्हांला विशेष वाटते. गुरूचे चरित्र लिहिताना शिष्य प्रथम काय गाळतात, हे आपण जाणतो. आणखी एक शिष्य, झीगोंग, याने तर चुकीलाच मोठेपणाशी जोडले. जुन्झीची चूक ग्रहणासारखी असते, असे त्याचे सांगणे. ती लागते तेव्हा सर्वांना दिसते, आणि सुटते तेव्हा सर्वजण मान वर करून पाहतात. म्हणजे सूर्याला डाग पडत नाही, असे ही परंपरा म्हणत नाही. ग्रहण चारचौघांत लागते आणि चारचौघांत सुटते, हे तिचे म्हणणे आहे. झीलू हा शिष्य रांगडा, उतावळा, आणि गुरूची बोलणी सर्वांत जास्त खाणारा. पण कोणी चूक दाखवली की त्याला आनंद होई, अशी नोंद मेन्शियसने केली आहे, आणि ती करताना त्याचे नाव प्राचीन आदर्श राजांच्या पंक्तीत घेतले आहे.

आता 'आत्मसंस्कार' या कल्पनेकडे वळू. चिनी शब्द आहे 'शिउशन'. त्याला 'आत्मसाधना' म्हणावे असे प्रथम आम्हांस वाटले. पण साधना म्हटली की गुहा आली, एकांत आला, संसाराकडे पाठ आली. 'शन' या शब्दात देह आहे, चारचौघांत वावरणारी सगळी व्यक्ती आहे. त्यामुळे 'संस्कार' हाच शब्द आम्हांला जवळचा वाटतो. घासूनपुसून, वळण लावून घडवणे. ही घडण नित्याच्या व्यवहारात होते. पाहुण्याला दारापर्यंत पोचवणे, शोक करणाऱ्याच्या शेजारी बसून जेवताना हात आवरणे, आंधळा संगीतकार भेटीस आला तर पायरी कोठे आहे ते त्याला सांगणे. अशा आचाराला 'ली' म्हणतात, आणि त्यातून जी माणुसकी मुरते तिला 'रेन'. पुढे 'महाविद्या' या छोट्या ग्रंथाने याची साखळीच मांडली. वस्तूंचा शोध, ज्ञानाचा विस्तार, हेतूची सचोटी, मनाचा सरळपणा, मग व्यक्तीचा संस्कार, कुटुंबाची घडी, राज्याचा कारभार, आणि शेवटी जगाची शांती. राजापासून सामान्य माणसापर्यंत सर्वांचे मूळ एकच, ते म्हणजे हा संस्कार.

हा संस्कार होतो कसा, यावर मात त्या परंपरेत मोठा वाद आहे. मेन्शियस शेतकऱ्याच्या भाषेत बोलतो. करुणा, लज्जा, विनय आणि योग्यायोग्याची जाण हे चार कोंब प्रत्येकाच्या मनात उपजतच असतात. ते वाढू द्यायचे. सोंग राज्यातील एका शेतकऱ्याला घाई झाली, म्हणून तो शेतातले कोंब हातांनी वर ओढून आला आणि घरी येऊन दमलो म्हणाला. मुलगा धावत जाऊन पाहतो तो सगळे सुकलेले. शुन्झी हा सुताराच्या भाषेत बोलतो. माणसाचा स्वभाव मुळात वाकडा. वाकड्या लाकडाला वाफ देऊन, दाबून सरळ करावे लागते, तसे गुरू आणि आचारधर्म यांनी त्याला सरळ करावे. वर्गावर तीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन्ही मते पटतात. सोमवारी एक, शनिवारी दुसरे. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. हे काम कोणी दुसऱ्याकरिता करून देऊ शकत नाही, आणि ते कधी संपत नाही.

या साखळीतील सचोटीच्या कडीशी 'शेन दू' नावाची एक कल्पना आहे: एकटे असताना सावध राहणे. चारचौघांत सगळेच सज्जन असतात. कोणी पाहत नसते तेव्हा आपण स्वतःला फसवतो की नाही, यावर हेतूची सचोटी ठरते. हे वाचले आणि आम्हांला 1991 सालचा एक छापखाना आठवला.

त्या वर्षी एम. ए.च्या पहिल्या वर्गाला आम्ही कथा हा वाङ्मयप्रकार शिकवीत होतो. एका विद्यार्थ्याने ट्यूटोरियलमध्ये नवकथेवर निबंध लिहून दिला. तो मुलगा खेड्यातून आलेला, वर्गात न बोलणारा, बहुधा डुलक्या घेणारा. निबंधाची भाषा प्रौढ होती, मते धीट होती, आणि दोन-तीन ठिकाणी तो आमच्याच एका लेखाशी असहमत होता. आम्ही लाल शाईने शेरा दिला: स्वतःचे लिहावे. गुणही त्याच बेताने दिले. दुसऱ्या दिवशी तो प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, ते माझंच आहे." आम्ही काहीतरी तपासत होतो. "बरं, बरं," म्हणालो. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

दोन-तीन महिन्यांनी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची मुद्रिते पाहायला आम्ही छापखान्यात गेलो. दिवेलागणीची वेळ होती. मालक चहा सांगायला बाहेर गेले होते. खिळ्यांच्या घोडीशेजारी एक जाड वही पडली होती. आम्ही सहज उघडली. तो निबंध तिच्यात होता. एकदा नव्हे, चार वेळा. खोडलेला, पुन्हा लिहिलेला, समासात प्रश्न विचारलेला. आमच्या लेखाशी असहमत होणारा परिच्छेद तर त्याने पाच-सहा प्रकारांनी लिहून पाहिला होता. मालक परत आले तेव्हा कळले की, मुलगा रात्रपाळीला खिळे जुळवायचे काम करतो. डुलक्यांचा उलगडा झाला. वही आम्ही होती तशी ठेवली. चहा घेतला आणि घरी आलो.

आम्ही त्याला काहीच बोललो नाही. कारणे त्या वेळी भक्कम वाटली होती. गुण कार्यालयात गेले होते. वर्गापुढे विषय निघाला असता. शिवाय एका शेऱ्याने कोणाचे काय बिघडते? खरे कारण एवढेच की, आमच्याविषयी जे चांगले मत सर्वत्र होते, त्याला ओरखडा नको होता. मेन्शियसच्या चार कोंबांतला लज्जेचा कोंब त्या संध्याकाळी आमच्याही मनात फुटला होता, हे आम्हांला पक्के आठवते. आम्ही त्याच्यावर पाटी उपडी घातली. मुलगा पुढे पास झाला, संशोधन करीन म्हणत होता ते त्याने केले नाही, एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरीस लागला. त्याचे आमच्या शेऱ्यामुळे असे झाले, असे म्हणणे म्हणजे पुन्हा स्वतःला नको तेवढे महत्त्व देणे होईल. पण आमच्यामुळे झाले नाही, असेही आम्हांला म्हणता येत नाही.

आता त्या विशिष्ट माणसाकडे वळतो. कन्फ्यूशियस त्याला 'शियांगयुआन' म्हणतो; आपण 'गावचा सज्जन' म्हणू. कन्फ्यूशियसच्या मते हा माणूस सद्गुणांचा चोर असतो. एवढा कठोर शब्द तो क्वचितच वापरतो. चोर का, याचा खुलासा मेन्शियसने केला आहे. या माणसाला नाव ठेवू म्हटले तर धरायला जागा सापडत नाही, टोचू म्हटले तर टोक कोठे लावावे ते कळत नाही. तो प्रवाहाबरोबर असतो. तो निष्ठावंत दिसतो, निर्मळ दिसतो, सगळ्यांना आवडतो, आणि स्वतःलाही बरोबर वाटतो; आणि म्हणूनच त्याला खऱ्या मार्गावर पाऊल ठेवता येत नाही. तो वाईट माणसापेक्षा घातक, कारण रोपांत उगवलेल्या तणाप्रमाणे तो हुबेहूब खऱ्यासारखा दिसतो. गौरवग्रंथातले ते वाक्य आम्हांला का बोचले, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

याच मेन्शियसने मोठेपणाची एक शिडीही दिली आहे. हवासा वाटतो तो चांगला. ज्याचे चांगुलपण खरोखर त्याच्या अंगी आहे तो खरा. ज्याच्यात ते भरून आहे तो सुंदर. भरून जाऊन ज्याचा उजेड बाहेर पडतो तो मोठा. मोठा असून जो इतरांत पालट घडवतो तो परमज्ञानी. आणि त्याच्याही पलीकडे अगम्य. ही शिडी एका प्रश्नाच्या उत्तरात आली आहे. प्रश्न होता युएझंगझी नावाच्या माणसाविषयीचा, आणि मेन्शियसने त्याला पहिल्या दोन पायऱ्यांवर ठेवले. वरच्या चार पायऱ्या त्याच्यासाठी नाहीत. पण याच सामान्य माणसाच्या हाती लू राज्याचा कारभार जाणार असे कळले, तेव्हा मेन्शियसला आनंदाने झोप आली नाही. शिष्याने विचारले, तो करारी आहे काय? नाही. दूरदृष्टीचा? नाही. बहुश्रुत? नाही. मग झोप का आली नाही? तर त्याला चांगले ऐकायला आवडते म्हणून. असा माणूस असला की चार गोष्टी सांगायला लोक हजार कोसांवरून येतात. ज्याला ते आवडत नाही, तो ऐकण्याआधीच 'हो हो, ठाऊक आहे' अशा सुरात बोलतो. तो सूर आणि तो चेहराच माणसांना हजार कोस दूर ठेवतो.

"बरं, बरं" हे आमचे शब्द याच सुरातले होते.

या परंपरेवर घेतलेला मोठा आक्षेप येथे टाळता येत नाही. लू शुनने 1918 साली 'एका वेड्याची रोजनिशी' ही कथा प्रसिद्ध केली. तिच्यातील वेडा इतिहासाचे पुस्तक उघडतो. पानापानांवर सदाचाराचे शब्द आहेत, आणि रात्रभर निरखल्यावर ओळींच्या मधून त्याला माणसे खाण्याची गोष्ट दिसू लागते. हा आरोप पोकळ नव्हता. थोरांचे थोरपण प्रश्नाच्या पलीकडे नेऊन ठेवले की त्याची किंमत धाकट्यांना द्यावी लागते. सुनेला, विधवेला, शिष्याला. विद्येचेही तेच झाले. जू शी याने बाराव्या शतकात चार ग्रंथांवर मन लावून भाष्ये लिहिली. 1313 साली युआन दरबाराने ती सरकारी परीक्षांना लावली, आणि 1905 साली त्या परीक्षा बंद होईपर्यंत पिढ्यान्पिढ्या उमेदवार ती घोकत राहिले. पूर्वीचे लोक स्वतःसाठी शिकत, हल्लीचे दुसऱ्यांना दाखवण्यासाठी शिकतात, अशी खंत कन्फ्यूशियसने केली होती. त्याच्याच नावाने हे झाले. तथापि त्याच परंपरेत शुन्झी असेही सांगतो की, बापाची आज्ञा आणि न्याय यांत विरोध आला तर मुलाने न्यायाच्या मागे जावे. म्हणजे ज्या पुस्तकांनी थोरांना आसन दिले, त्याच पुस्तकांत त्यांना आसनावरून उठवण्याची सोय आहे. ती वापरली किती जणांनी, हा प्रश्न उरतोच.

ती वापरल्याची एक गोष्ट 'लीजी' या आचारग्रंथात आहे. झंगझी हा कन्फ्यूशियसचा शिष्य, रोज तीन गोष्टींत स्वतःची झडती घेणारा, मरणाच्या दारात पडला होता. उशाशी शिष्य, पायथ्याशी मुले, आणि कोपऱ्यात दिवा धरून बसलेला एक पोरगा. पोरगा म्हणाला, केवढी सुंदर, गुळगुळीत चटई! ही बड्या अधिकाऱ्याची ना? शिष्याने त्याला गप्प केले. पण झंगझीच्या कानांवर ते गेले आणि तो दचकला. पोराने पुन्हा तेच म्हटले. झंगझी म्हणाला, खरे आहे; ही मला भेट मिळालेली, माझ्या पदाला न शोभणारी, आणि अजून मी ती बदलू शकलो नाही. त्याने मुलाला चटई बदलायला सांगितले. मुलाने विनवले की आता हलवणे धोक्याचे आहे, सकाळ होऊ द्या. झंगझीने उत्तर दिले की, तुझ्या प्रेमापेक्षा या पोराचे प्रेम मोठे. क्षुद्र माणूस लाड करून प्रेम करतो. मग सर्वांनी त्याला उचलले, चटई बदलली, आणि परत निजवताना तो नीट टेकण्यापूर्वीच त्याचा प्राण गेला.

चटई ती काय, असे प्रथम वाटते. पण या गोष्टीत मोठा कोण, हे ठरवणे सोपे नाही. दिवा धरणारे पोर खरे तेच बोलले, आणि मरणाऱ्या गुरूला ते ऐकू आले. मुलाचे 'सकाळ होऊ द्या' हे शब्द मात्र आमच्या फार ओळखीचे. चौतीस वर्षे आम्ही तेच म्हणत आलो होतो.

गौरवग्रंथाच्या अनुक्रमणिकेत त्या विद्यार्थ्याचे नाव नव्हते. संपादकांना विचारले, तेव्हा कळले की त्याला लेख मागितला होता. कामात आहे म्हणाला. आम्ही त्याचा पत्ता घेतला आणि एस. टी.ने त्याच्या गावी गेलो. त्याचीही निवृत्ती जवळ आलेली. त्याने वाकून नमस्कार केला, बायकोने पोहे केले, नातवंडांची चौकशी झाली. मग आम्ही छापखान्यातल्या वहीची गोष्ट सांगितली आणि आमची चूक झाली असे म्हटले. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "शेरा मी कधीच विसरलो, सर. तुम्ही त्या दिवशी मान वर केली नव्हती, ते राहिलं डोक्यात." आणि थोड्या वेळाने, "वही पाहिलीत तेव्हाच सांगितलं असतंत, तर बरं झालं असतं."

आम्ही हो म्हणालो. याहून निराळे म्हणण्यासारखे काही नव्हते.

हे लिहू का, असेही त्याला विचारले; कारण कबुली हीसुद्धा मिरवण्याची वस्तू होऊ शकते, हे आम्ही जाणतो. तो म्हणाला, "माझं नाव नको. तुमचं काय ते लिहा." परतीच्या गाडीत आम्हांला हलके वगैरे वाटले नाही. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांत पापक्षालन नाही. गंगा नाही, कबुलीचा पडदा नाही. चूक सुधारली नाही तर ती खरी चूक, एवढेच त्यांचे सांगणे, आणि चौतीस वर्षांनी किती सुधारते हे ज्याचे त्याने ठरवावे. सत्तरी उलटून गेली तरी मन मर्यादेत राहत नाही; साठीची पायरीच अजून पुरती चढून झालेली नाही.

घरी आल्यावर गौरवग्रंथ काढला. ज्या पानावर आमच्याविषयी वावगा शब्द काढणारा शोधूनही सापडायचा नाही असे छापले आहे, त्या पानाच्या समासात पेन्सिलीने एवढेच लिहून ठेवले: शोधला नव्हता.